तीन मिलिमीटर

शारजात, इंडस्ट्रियल एरिया सहामध्ये,
टायरवाला आणि बॅटरीवाला यांच्या मधल्या गाळ्यात
आमचं बारा डोक्यांचं मशीन आहे.
बारा सुया एकदम वाकतात, एकदम उठतात,
जमातीच्या रांगेसारख्या.

आम्ही बिल्ले भरतो.
शाळांचे मोर, सिक्युरिटीवाल्यांचे खांदे,
एका बिर्याणी हॉटेलचा हसरा बोकड.
(त्याचं हसू मी कमी केलं होतं. मालकाने परत वाढवून घेतलं.)

मग एका गुरुवारी इंजिनिअर शम्सा आली.
टेबलावर कागद पसरला, कोपऱ्यावर माझाच चहाचा ग्लास ठेवला.
एक उपग्रह वर जायचाय म्हणाली, पावाच्या लादीएवढा,
आणि त्याच्या माणसांना दोनशे बिल्ले हवेत.

नव्वद मिलिमीटर. गोल.
ती बोट ठेवत गेली, मी मनात टाके मोजत गेलो.
खाली समुद्र: भरीव टाका, पण तिरपा,
म्हणजे उजेडात बिल्ला फिरवला की पाणी हलेल.
वरचं आभाळ काळं नको, वांग्याच्या सालीचं.
नऊ तारे, कारण नऊ जण.
त्यातला एक जरा लहान. तो ट्रेनी आहे, त्याला सांगू नका.
आणि अगदी तळाशी एक दगड,
मोती काढणारे पायाला बांधायचे तो.
"आजोबांचे वडील त्याच्या वजनाने खाली जायचे.
आम्ही उलटीकडे निघालोय, एवढंच."
सगळ्याभोवती कक्षा. सोनेरी, बारीक.

रात्री मी चित्राचे टाके केले,
एकोणीस हजार चारशे.
कक्षेच्या रेषेत, वर डावीकडे,
तीन मिलिमीटरची फट होती.
काढणाऱ्याचा हात हलला असणार.
मी जोडून टाकली.
हर्णैला वडील जाळी सांधायचे, त्यांच्या शेजारी बसून वाढलो.
फाटकं दिसलं की हात विचारायला थांबत नाही.

सोमवारी तिने एक बिल्ला उचलला.
बोटाने कक्षेवरून गेली. पुन्हा गेली.
"हे बंद का केलंत?"
उघडं राहिलं होतं, मॅडम.
"उघडंच हवं होतं. तो परत येणार नाही.
काम संपलं तरी फिरत राहील,
मग हळूहळू खाली येत हवेत जळून जाईल.
निदान बिल्ल्यावर तरी खोटं नको, असं ठरलं होतं आमचं."

सव्वीस वर्षं झाली मला इथे.
दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवस,
दोरीने आवळलेला खोका, त्यावर मार्करने नाव, गाव, तालुका दापोली.
जुलेखा माझा कप अजून वेगळा ठेवते, रोज धुते.
आमच्यात गेलेला माणूस येतो असं धरूनच
रेष काढायला घेतात.
हे कुठल्या भाषेत सांगायचं?
मिस्टेक, मॅडम, म्हणालो.

पुन्हा भरले.
तेव्हा कळलं, फट ठेवणं जड काम आहे.
सुई उचलावी लागते, धागा कापावा लागतो,
पलीकडे जाऊन नवी गाठ मारावी लागते.
बंद करायला काही लागत नाही,
मशीन आपसूकच चालत राहतं.

चुकलेल्या दोनशेंचे पैसे शेठ पगारातून कापतोय,
महिन्याला ऐंशी दिरहम.
माल मात्र आम्हाला दिला.
मफिजुलने टोपीला लावला.
कुंजुमोनने व्हॅनच्या फाटक्या सीटवर सात शिवले, ओळीने.
आठ नंबर खोलीच्या पडद्याला आहेत, डब्यांच्या पिशव्यांना आहेत,
कुणाच्या तरी गुडघ्यावरही आहे.
पहाटे पाचच्या बसमध्ये दिवा लागतो
आणि अंतराळात न गेलेली आमची सगळी मोहीम
झोपेत डुलत कामावर निघते.

जाताना शम्साने चुकलेल्यांतला एक पर्समध्ये टाकला होता.
का, ते मी विचारलं नाही.
ट्रेनीसाठी असेल.